हात जायबंदी झाल्यावर टॉकबॅक कसा चालवायचा?

टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड फोनमधली अंधांसाठीची सोय: बोटाखाली जे येईल ते ती बोलून सांगते, आणि ते उघडायला लागोपाठ दोनदा टॅप (डबल टॅप) करावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातून एका वाचकाने लिहिलं आहे:

"माझे काका ४६ वर्षांचे, पूर्ण अंध. सात-आठ वर्षांपासून टॉकबॅकवर फोन वापरतेत. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे रिचार्ज तेच करून द्यायचे. दिवाळीच्या आधी कडबा कुट्टीत उजवा हात गेला. अंगठ्याजवळचं, मधलं अन् त्याच्या शेजारचं अशी तीन बोटं दुसऱ्या पेरापासून गेली. अंगठा अन् करंगळी राहिली. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाची शीर तुटली होती, ती शिवली, पण बोट वाकंना गेलंय. आता चार महिने झाले, जखमा भरल्यात. फोन हातातून घसरतो. डबल टॅप करायलेत तर एकदाच लागायलंय. दुसरं बोट टेकलं की भलतंच काहीतरी उघडतंय. मधेच टॉकबॅकच बंद पडतो. ठशानं फोन उघडंना. बोलून चालवा म्हणलं की काका चिडतेत. आयफोन घेऊन द्यावा का? का जुना बटनाचा फोन बरा? आम्ही घरात आहोतच, पण काका म्हणतेत, माझा फोन मलाच चालवायचाय."

काकांचा हट्ट रास्त आहे आणि पुरवता येण्यासारखाही आहे. फोनमध्ये बँक असते, ओटीपी असतो, माणसाचं खासगी बोलणं असतं. ते सगळं पुतण्याच्या हातून चालावं असं कुणाला वाटेल? आयफोनचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पत्रात सांगितलेल्या बिघाडांपैकी एकही फोन स्वस्त असल्यामुळे झालेला नाही. टॉकबॅकला एक भरवशाचा स्पर्श लागतो. एकच, पण दर वेळी तसाच. काकांच्या हातावर तो कुठे सापडतो हे आधी शोधायचं, मग फोन त्याच्या सोयीने बसवायचा, आणि खरेदी सगळ्यात शेवटी. ती हजार-दीड हजारात भागते.

सुरुवात हातापासून. शिवलेल्या शिरेला (बोट ओढणाऱ्या स्नायूच्या दोरीला, म्हणजे टेंडनला) पूर्ण ताण सोसायला साधारण १२ आठवडे लागतात. तो काळ उलटला असला तरी बोट वाकत नसेल, तर ते तसंच राहणार असं धरून चालू नका. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, जे जवळ पडेल तिथे, फिजिओथेरपीसाठी दाखवा. जाताना फोन सोबत न्या आणि "बोट वाकत नाही" एवढंच न सांगता "हे असं करता येत नाही" म्हणून प्रत्यक्ष दाखवा. व्यायाम त्याप्रमाणे ठरतो. फोनसाठी मात्र त्या बोटाची वाट पाहत बसायची गरज नाही.

आता चाचणी. फोन टेबलावर सपाट ठेवा, खाली ओलसर रुमाल किंवा रबरी जाळीची चटई, म्हणजे तो सरकणार नाही. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात टॉकबॅक, त्यात पुन्हा सेटिंग्ज, आणि तिथे शिकवणीच्या भागात जेश्चरचा, म्हणजे बोटांच्या खुणांचा, सराव करण्याचा पर्याय असतो. या सरावाच्या पानावर काहीही केलं तरी फोनमध्ये काही उघडत नाही. कोणतं जेश्चर फोनला कळलं, तेवढंच टॉकबॅक बोलून सांगतो. इथे काकांनी दर जागेने दहा वेळा डबल टॅप आणि दहा वेळा उजवीकडे स्वाइप करायचं. उजवा अंगठा टोकाने, तोच अंगठा कडेने, करंगळी, डावा अंगठा, डावं ताठ बोट, आणि बोटाच्या सांध्याचं हाडसुद्धा. दहापैकी आठ वेळा बरोबर ओळखलं गेलं, ती जागा कामाची. पाच-सहा वेळा ओळखली जाणारी जागा सोडून द्या, कारण रोजच्या वापरात तीच माणसाला रडवते.

तुटलेल्या बोटांची टोकंही चालतात, पण दोन गोष्टी पाहून. एक, तिथे टॅप केल्यावर कळ निघते का. कळ येत असेल तर ती जागा मोजूच नका. दोन, तिथे स्पर्श कळतो का. पडदा गुळगुळीत असतो, अंध माणसाला कडा आणि अंतर बोटानेच मोजावं लागतं. बधिर टोकाला ते जमत नाही. करंगळी दुबळी वाटते, पण तिला संवेदना शाबूत असेल तर ती या कामात बधिर टोकापेक्षा कितीतरी सरस.

कधी कधी जागा बरोबर असूनही फोन दाद देत नाही. त्याचं कारण असं: पडदा दाब ओळखत नाही, कातडीतून जाणारा अगदी किंचित विद्युतभार ओळखतो. त्यासाठी कातडीत थोडा ओलावा हवा आणि टेकलेला भाग निदान पाच-सहा मिलिमीटर रुंद हवा. जखमेचा जाड, कोरडा व्रण यात नापास होतो. वापरण्याआधी ती जागा ओलसर कापडाने पुसा. रात्री झोपताना साधं मॉइश्चरायझर लावा. पडद्यावर जाड काच चिकटवलेली असेल तर ती काढा, किंवा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात नेमकं उलट होतं. घामाचा थेंब पडद्यावर पडला की फोनला तो स्पर्शच वाटतो. त्या दिवसांत पंचा जवळ ठेवायचा, हात आणि पडदा दोन्ही पुसायचे.

"दुसरं बोट टेकलं की भलतंच उघडतंय" याचं मूळही इथेच आहे. टॉकबॅकमध्ये एका बोटाचा अर्थ वेगळा, दोन बोटांचा वेगळा, तीन बोटांचा आणखी वेगळा. करंगळीने स्वाइप करताना अंगठ्याची कड किंवा तळहात पडद्याला लागला, तर टॉकबॅक ते दोन बोटांचं स्वाइप धरतो आणि पान सरकवतो. यावर सगळ्यात स्वस्त उपाय हातमोज्याचा. जाड विणीचा सुती किंवा लोकरीचा मोजा घ्या; ज्या बोटाने काम करायचं त्याचंच टोक कापा, एक पेर उघडं राहील एवढंच. बाकीचा हात मोज्यात असला की तो पडद्याला लागला तरी फोनला कळत नाही. मोजा पातळ असेल किंवा स्पर्शाची संवेदनशीलता वाढवलेली असेल तर स्पर्श आरपार जातो, म्हणून दुकानात फोनवर टेकवून पाहूनच घ्या. उन्हाळ्यात पूर्ण मोजा सहन होत नसेल तर पायमोजा कापून फक्त तळहात आणि अंगठा झाकेल अशी पट्टी करा.

फोन धरणं पूर्णपणे बंद. धरणारा हात आणि टॅप करणारा हात अशी दोन कामं आता काकांकडून मागायची नाहीत. घरात टेबलाला चिमट्याने बसणारा, लवचिक मानेचा स्टँड मिळतो, साधारण ३०० ते ६०० रुपयांत. मान जितकी आखूड तितकी चांगली. लांब मानेचा स्टँड टॅप केल्यावर हलतो, आणि पडदा हलला की डबल टॅपचा दुसरा टॅप चुकतो. फोन उभा न ठेवता थोडा मागे कललेला ठेवा, मनगट टेबलावर टेकेल इतक्या उंचीवर. बाहेर जाताना गळ्यात अडकवायची दोरी असलेलं कव्हर आणि मांडीवर एक लहान पाट किंवा जाड पुठ्ठा. कव्हरच्या कडा पडद्यापेक्षा वर उचललेल्या असाव्यात, म्हणजे करंगळीला कड लागते आणि कोपरा सापडतो.

टॉकबॅक मधेच बंद पडतो तो आपोआप नाही. आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद एकत्र दाबली की टॉकबॅक चालू-बंद होतो. ही सोय चांगली, पण फोन मुठीत आवळून धरला की ती नको तेव्हा लागू होते. फोन स्टँडवर गेला की हा त्रास बराचसा आपोआप थांबेल. शॉर्टकट बंद मात्र करू नका. कधी टॉकबॅक अडकला तर काकांना तोच वाचवतो. शिवाय फोनला "हे गूगल, टर्न ऑन टॉकबॅक" असं सांगूनही तो सुरू होतो, हे त्यांना एकदा करून दाखवा.

आता सेटिंग. ही तुम्ही करणार असाल तर तेवढा वेळ टॉकबॅक बंद ठेवा, काम लवकर होईल. पण प्रत्येक बदल काकांना सांगून करा. त्यांच्या हाताला सात-आठ वर्षांची सवय आहे, न सांगता बदललेली एक गोष्टही त्यांना फोन बिघडल्यासारखी वाटेल.

पहिला बदल खालच्या पट्टीचा. नव्या फोनमध्ये पडद्याच्या कडेवरून बोट सरकवून मागे किंवा होमवर जायची पद्धत असते. टॉकबॅक चालू असताना तीच गोष्ट दोन बोटांनी करावी लागते. काकांसाठी ती नको. सिस्टिम नॅव्हिगेशनमध्ये जाऊन तीन बटणांची पद्धत निवडा. मग मागे, होम आणि अलीकडची ॲप्स ही तीन बटणं तळाशी कायम एकाच जागी राहतात.

दुसरा बदल डबल टॅपचा, आणि हाच सगळ्यात मोठा. डबल टॅप लागत नाही, कारण दोन टॅपमधलं अंतर लांबतं किंवा दुसरा टॅप घसरत जातो आणि फोन त्याला स्वाइप समजतो. टॉकबॅकच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये एकाच टॅपने उघडण्याचा पर्याय शोधा आणि चालू करा. मग पद्धत अशी: बोट न उचलता पडद्यावर हळूहळू फिरवायचं, हव्या त्या नावावर आलं की उचलायचं, आणि तिथेच एकदा टॅप. घाई नाही, अंतराची मोजदाद नाही. याचा तोटाही सांगून ठेवतो, चुकून लागलेला टॅपही आता काहीतरी उघडतो. म्हणून हातमोजा आणि हे सेटिंग जोडीनेच वापरायचं. सॅमसंगसारख्या काही फोनमध्ये "वारंवार केलेले स्पर्श दुर्लक्षित करा" आणि "टॅपचा कालावधी" असे पर्याय दिसतील. थरथरत्या हातासाठी ते चांगले वाटतात, पण डबल टॅप म्हणजेच लागोपाठचे दोन स्पर्श. पहिला पर्याय चालू केला तर दुसरा टॅप फोन गिळून टाकतो. ते बंदच ठेवा.

तिसरा बदल जेश्चरचा. एका बोटाने वळण घेऊन करायची जेश्चर टॉकबॅकमध्ये आहेत: खाली जाऊन डावीकडे वळलं की मागे, वर जाऊन डावीकडे वळलं की होम, खाली जाऊन उजवीकडे वळलं की टॉकबॅक मेनू. काकांना ती पाठ असतीलच. प्रश्न दोन-तीन बोटांच्या जेश्चरचा. त्यासाठी "जेश्चर कस्टमाइझ करा" इथे जाऊन ती कामं एका बोटाच्या जेश्चरना वाटून द्या. पान पुढे सरकवणं, पान मागे सरकवणं आणि वाचन थांबवणं, एवढी तीन पुरेत. वाटताना करंगळीला सोपं कोणतं ते पाहा. बहुतेकांना काटकोनात वळण्यापेक्षा सरळ जाऊन त्याच रेषेत परत येणं, म्हणजे वर-खाली किंवा उजवीकडे-डावीकडे, सोपं जातं.

एक बारकावा. स्वाइप हे झटक्यात केलं तरच स्वाइप ठरतं. बोट हळू सरकलं तर टॉकबॅक त्याला चाचपडणं समजतो आणि बोटाखाली जे येईल ते वाचत सुटतो. ताठ बोटाने झटका बसत नाही, म्हणून "फोन उगाच बडबडायलाय" असं वाटतं. झटका बसत नसेल तर त्यासाठी हाताला झिजवू नका. चाचपडण्यालाच मुख्य पद्धत करा आणि त्यासाठी होम स्क्रीन नव्याने मांडा. लाँचरच्या (होम स्क्रीन मांडणाऱ्या ॲपच्या) सेटिंगमधून मोठ्यात मोठे आयकॉन, कमीत कमी रांगा. चार कोपऱ्यांत चार नेहमीची ॲप्स: फोन, व्हॉट्सॲप, पैशांचं ॲप, बातम्या किंवा यूट्यूब. कव्हरच्या उंच कडेने करंगळी कोपऱ्यात आणली की शोधाशोध संपते. फोनचं ॲप तळाशी ठेवू नका, हात टेकतो तो तळाशीच, आणि मग रात्री-बेरात्री कुणाला तरी कॉल जातो.

आलेला कॉल घेणं आणि ठेवणं यासाठी पडद्याची गरजच नाही. तुमच्या फोनला हेडफोनचं गोल भोक असेल तर साधा वायरचा माइकवाला हेडफोन घ्या. त्याचं बटण एकदा दाबलं की कॉल घेतला जातो, पुन्हा दाबलं की ठेवला जातो. ॲक्सेसिबिलिटीत "पॉवर बटणाने कॉल संपवा" हा पर्यायही चालू करा. सॅमसंगमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने कॉल घेण्याची सोयही असते.

एवढं करून महिनाभर वापरू द्या. लिहायचं काम जास्त असेल किंवा हात दुखत असेल, तरच कीबोर्ड. वायरचा छोटा कीबोर्ड ४०० ते ७०० रुपयांत आणि तो फोनला जोडणारा टाइप-सीचा ओटीजी जोड १०० ते २०० रुपयांत मिळतो. ब्लूटूथपेक्षा वायरचा आधी सांगतो, कारण त्याला वेगळं चार्जिंग लागत नाही आणि वीज नसताना मधेच दगा देत नाही. मात्र तो फोनच्या बॅटरीवर चालतो आणि चार्जिंगचं भोक अडवतो. म्हणून हेडफोनचं भोक वेगळं असलेला फोन असेल तर तो जपून ठेवा. ओप्पो, रिअलमी, वनप्लस यांच्या फोनमध्ये ओटीजी हाताने चालू करावा लागतो आणि दहा मिनिटं वापर झाला नाही की तो आपोआप बंद होतो. "कीबोर्ड बिघडला" म्हणून परत करणारे बरेच जण इथेच फसतात.

टॉकबॅकमध्ये कीबोर्डची नेहमीची रचना अशी: ऑल्ट आणि उजवा बाण म्हणजे पुढचं, ऑल्ट आणि डावा बाण म्हणजे मागचं, ऑल्ट आणि एंटर म्हणजे उघडा, ऑल्ट आणि बॅकस्पेस म्हणजे मागे जा, ऑल्ट आणि एच म्हणजे होम, ऑल्ट आणि एन म्हणजे सूचना. नव्या आवृत्त्यांमध्ये यात बदल झालेत, तेव्हा टॉकबॅकच्या सेटिंगमधली कीबोर्ड शॉर्टकटची यादी एकदा वाचून घ्या. तिथे आपल्याला हवी ती जोडीही ठरवता येते. दोन बटणं एकत्र दाबायची म्हणून घाबरू नका. कीबोर्ड आखूड घेतला तर उजवीकडचं ऑल्ट बाणांच्या शेजारीच येतं. काकांचा उजवा अंगठा ऑल्टवर आणि करंगळी बाणावर, नेमकी उरलेली दोन बोटं कामाला येतात. तेही जमलं नाही तर अँड्रॉइड १५ पासून कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्टिकी कीज आहे, सॅमसंगमध्ये ती आधीपासून आहे. ऑल्ट एकदा दाबून सोडायचं, मग बाण. ऑल्ट लागोपाठ दोनदा दाबलं तर ते दाबलेलंच राहतं आणि नुसत्या बाणांवर काम चालतं. लिहायच्या वेळी ते सोडवायला विसरू नका.

कीबोर्ड जोडला की पडद्यावरचा कीबोर्ड गायब होतो आणि त्याच्यासोबत बोलून लिहायचा माइकही. फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड दाखवत राहण्याचा पर्याय चालू ठेवा.

बोलून चालवण्यावर काका चिडतात, त्यात त्यांची चूक नाही. "फोनशी बोला की" हा सल्ला डोळस माणसं फार सहज देतात. गूगलच्या व्हॉइस ॲक्सेस ॲपचा पायाच मुळी पडद्यावर दिसणारे आकडे वाचून बोलण्याचा आहे. ज्याला आकडे दिसत नाहीत त्याने काय बोलायचं? त्यात घरात चारजण बोलत असतात, बाहेर ट्रॅक्टर, आणि टॉकबॅकचा स्वतःचा आवाज माइकमध्ये शिरून वाक्यात मिसळतो. आवाज मोजक्या कामांपुरता ठेवा. पहिलं काम, कॉल लावणं: असिस्टंटची भाषा मराठी करून "हे गूगल, अमक्याला फोन लाव". नावं एकमेकांसारखी नकोत. संपर्क यादीत तीन "दादा" असतील तर रोज घोळ होणार. दुसरं, संदेश लिहिणं. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठीत बोलून लिहायची सोय २०१७ पासून आहे आणि ती आता चांगली चालते. बोलताना हेडफोन लावायचा, म्हणजे टॉकबॅक कानात बोलतो आणि माइकला फक्त काकांचा आवाज जातो. पाठवण्याआधी एकदा वाचून घ्यायचं. मराठवाडी बोली मशीन कधी कधी भलतीच लिहून टाकतं. नेट गेलं तर यातलं बरंच काही अडतं, म्हणून बोटाची पद्धत पक्की हवीच.

टॉकबॅकमधला ब्रेल कीबोर्ड काकांना येत असला तरी तो आता सोडा. त्याला सहा बोटं लागतात.

स्टायलसबद्दल, म्हणजे पडद्यावर टेकवायच्या पेनासारख्या काडीबद्दल, पत्रात विचारलेलं नाही, पण कुणीतरी सुचवेलच. तो पट्ट्याने हाताला बांधून वापरता येतो, फक्त साध्या रबरी टोकाच्या स्टायलसचं धातूचं अंग कातडीला टेकलेलं असावं लागतं. त्यावर फोमची मूठ किंवा प्लास्टिकची नळी चढवली की विद्युतभाराची वाट तुटते आणि फोन मुका बसतो. मूठ हवीच असेल तर धातूपासून मुठीच्या बाहेरपर्यंत ॲल्युमिनियम फॉइलची बोटभर रुंद पट्टी गुंडाळा, तळहाताला लागेल अशी. कृत्रिम हाताचा रबरी पंजाही याच कारणाने पडद्यावर चालत नाही. काकांना मात्र करंगळी असताना स्टायलसची गरज पडू नये. त्याच्या टोकाला पडदा जाणवत नाही.

कुलूप आणि पैसे. जुने ठसे सेटिंगमधून काढून टाका आणि डाव्या अंगठ्याचा ठसा दोन-तीन वेळा, वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळे ठसे म्हणून नोंदवा. व्रण असलेली जागा नोंदवू नका, तिथे रेषा नसतात. पिन तरीही पाठ हवाच, फोन पुन्हा सुरू केल्यावर तोच लागतो. यूपीआयचा पिन टाकताना हेडफोन लावायचा, आकडे कानात यावेत, खोलीत नव्हे. तो पिन पुतण्यालाही सांगू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चहा-किराण्याच्या छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट सुरू करून द्या. त्यात एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि खात्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात, म्हणजे चुकीचा टॅप पडला तरी नुकसान मर्यादेत.

आधारचंही काम आत्ताच उरका. तीन बोटं गेल्यावर जुन्या ठशांवर रेशन किंवा बँकेत अडणार. आधार केंद्रात बायोमेट्रिक अपडेट करून घ्या. ठसे किंवा बुबुळं देता येत नसतील तर अपवाद म्हणून नोंद करण्याची तरतूद आहे; "यंत्र घेत नाही" म्हणून परत पाठवलं तर तेवढं ठामपणे सांगा. चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे, पण तिथे डोळ्यांची उघडझाप करायला सांगतात. काकांना ते जमतं का ते घरीच पाहा.

युडीआयडी कार्डावर (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्रावर) सध्या फक्त अंधत्व असेल. हाताची इजा त्यात नोंदवून घ्या. टक्केवारी आधीच शंभर असेल तर आकडा वाढणार नाही, पण हातासाठीचं एखादं साधन मागायचं झालं तर कागदावर हाताची नोंद लागेल. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेत ४० टक्के अपंगत्व आणि महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर साधन पूर्ण मोफत, ३०,००० पर्यंत निम्म्या किमतीत मिळतं. अंधांसाठीच्या यादीत स्क्रीन रीडर (टॉकबॅकसारखी वाचून दाखवणारी सोय) असलेला स्मार्टफोनही आहे. बीडला शिबिर कधी लागतं ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा.

आयफोनच्या बाजूने सांगण्यासारखं एक आहे: त्याच्या व्हॉइसओव्हरमध्ये (आयफोनमधल्या टॉकबॅकसारख्या सोयीत) डबल टॅपच्या दोन टॅपमधला वेळ वाढवता येतो, आणि फोनच्या पाठीवर टकटक करून काम करायची सोय आहे. पण त्याचा रोटर, म्हणजे काय आणि कसं वाचायचं ते निवडायची चकती, दोन बोटांनी फिरवायचा असतो. तो सेटिंगमधून बदलता येतो, तरी काकांची सगळी सवय मोडून नव्याने शिकावं लागेल, आणि तेही हात नुकता सावरत असताना. पुढे फोन बदलायची वेळ आली तेव्हा पाहू.

बटनाचा फोन मात्र फेकू नका. दुसरं सिम त्यात टाका, दोन ते नऊ या आकड्यांवर आठ नंबर स्पीड डायलला लावा, आणि तो शेतात जाताना काकांच्या खिशात असू द्या. अंगठ्याने एक बटण दाबून ठेवलं की कॉल लागतो. नंबर लावताना कुणाचा कितव्या बटणावर हे काकांनीच ठरवावं. तुमचा नंबर दोनवर येईल असं धरून चालू नका.